ठकूची चूल

फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा घरांना दारं होती, पण कड्या नव्हत्या. डोंगराखालच्या एका गावात रीत होती: ज्या छपराखाली चूल पेटली, ते घर. आणि त्या घरची बाई ‘या’ म्हणेपर्यंत कुणी उंबरा ओलांडायचा नाही. खुद्द पाटीलसुद्धा बाहेर उभा राहून खोकायचा.

एका सकाळी ठकू या गावात आली. गाल सुजलेला, काखेत बोचकं. नवऱ्याचा रोजचा मार असह्य होऊन ती जीव मुठीत धरून पळाली होती. ती पारावर टेकली आणि गाव गोळा झालं.

गाव मोठं दिलदार. लगेच सल्ले वाटू लागलं.

“सोसावं गं बाईच्या जातीनं,” एक शेजारीण म्हणाली.

“तापट माणसं मनानं मऊ असतात,” पाटील म्हणाला.

“मन मऊ असेल हो,” ठकू म्हणाली, “पण हात फार टणक आहे.”

दुपारपर्यंत तिचे कान किटले. भाकरीचं मात्र कुणी विचारलं नाही.

मग म्हातारी कुंभारीण आली. “जेवलीस का? आणि हाताला काय येतं तुझ्या?”

“थालीपीठ बरं जमतं.”

“मग झालं तर!”

म्हातारीनं तिला पोटभर जेवू घातलं, आपल्या भट्टीशेजारची रिकामी खोपी दिली आणि तिथं मातीची चूल घालून दिली.

चूल अजून ओली होती, तोच नवरा हजर. “माझी बायको आहे. घेऊन जाणार!”

पाटलानं डोकं खाजवलं. “चूल पेटली असेल तर हे तिचं घर. नसेल तर…” पुढचं बोलायची त्याला लाज वाटली.

ठकू चुलीपुढे बसली. तिनं घाईघाईनं काटक्या आत सारल्या. चुलीतून नुसता धूर. तिनं फुंकणी म्हातारीपुढे केली. “काकू, तुम्हीच पेटवा.”

“चूल तुझी. तूच फुंक. मी इथंच बसलेय.”

ठकूनं सगळा जीव एकवटून फुंकर घातली. नवऱ्यानं उंबरा ओलांडायला पाय उचलला आणि भप्पकन जाळ झाला.

“पाय मागे!” पाटील गरजला. नवऱ्याचा पाय अधांतरीच राहिला. तो बगळ्यासारखा एका पायावर डुलू लागला.

ठकूनं थालीपीठ लावलं. खमंग वास सुटला, तशी तिनं हाक मारली, “पाटील, या.” मग सल्ले देणाऱ्या बायकांनाही एकेक करून बोलावलं. सगळं गाव खोपीत दाटीवाटीनं बसलं. बाहेर एकटा नवरा उरला.

तो बराच वेळ खोकत राहिला. कुणी ‘या’ म्हणालं नाही. शेवटी घसा बसला, तेव्हा आल्या वाटेनं निघून गेला.

पुढे कुणी बाई बोचकं घेऊन त्या पारावर टेकली, की ठकू धावत जाऊन विचारायची, “जेवलीस का?” सल्ला द्यायला कुणी तोंड उघडलं, की त्यात थालीपिठाचा तुकडा कोंबायची. पाटलाच्या तोंडात दोन.

तर मंडळी, ध्यानात ठेवा: मार सोसून आलेल्या बाईला शहाणपण शिकवू नये, तिला तिची चूल मांडायला जागा द्यावी आणि ती पेटेपर्यंत शेजारी बसावं.