गोजराचा अंगठा

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाच्या वरच्या अंगाला मोठा तलाव होता, मातीचा बांध घातलेला. गावाचा कारभार पाच पंच पाहत. पाचही पुरुष.

एके वर्षी राजाने हुकूम काढला, पंचांत एक तरी बाई हवी, आणि पाचही अंगठे उमटल्याशिवाय कोणताही ठराव पक्का धरायचा नाही. पंचांचे प्रमुख असलेल्या पाटलांनी एका पंचाला काढून त्याच्या जागी गोजराचं नाव घातलं. ती कमी बोलणारी होती आणि तिचा नवरा पाटलांच्या शब्दाबाहेर नव्हता.

चावडीवर तिच्या जागी नवराच बसे. बैठक संपली की तो कागद घरी आणी आणि गोजरा चुलीपुढून उठून अंगठा उमटवी. कागदात काय आहे हे तिला कोणी सांगत नसे. तीही विचारत नसे.

वर्षभराने राजाची स्वारी येणार अशी बातमी आली. नवरा कागद घेऊन आला, तेव्हा मात्र गोजराने विचारलं, "काय ठरलं?"

"वेशीवर दगडी कमान बांधायची. महिनाभर घरटी एक माणूस कामाला."

"आणि तलावाच्या बांधाचं?"

"त्याला काय झालंय?"

"आम्ही बांधाखाली धुणं धुतो. तिथला पाझर कायम नितळ असायचा. आठ दिवस झाले, गढूळ येतोय. आतून माती वाहून चाललीय."

"सांगतो त्यांना सवडीने. आता अंगठा कर."

गोजराने हात पदराखाली घेतला. "अहो, माझं मीच सांगते. चला."

चावडीच्या पायऱ्या ती पहिल्यांदाच चढत होती. वर जाऊन तिने गढूळ पाझराचं सगळं सांगितलं. तिचं बोलणं ऐकून दोन पंच हसले.

पाटील म्हणाले, "बाई, धुण्याच्या पाण्यावरून गावाचा कारभार चालत नाही. अंगठा करा, कामं खोळंबलीत."

"अंगठा हवा असेल तर आधी बांध बघायला चला. काही निघालं नाही, तर अंगठा करीन आणि ही जागाही सोडीन."

नवऱ्याने मान खाली घातली. पंच चिडले, पण पाचव्या अंगठ्यावाचून त्यांचं अडत होतं. कुरकुरत सगळे बांधाखाली गेले. पाझराजवळची माती थोडी बाजूला केली, तर आत पोकळी. पाटलांनी हात घातला. खांद्यापर्यंत आत गेला, तरी शेवट लागेना. त्यांचा चेहरा उतरला.

तो महिना सारं गाव बांधावर राबलं. कमान झालीच नाही. राजा साध्या वेशीतून आला आणि गेला. पुढच्या पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला. बांध टिकला.

त्यानंतरच्या बैठकीत गोजरा स्वतःच्या जागेवर बसली होती. पाटलांनी विचारलं, "गोजराबाई, आम्हाला दिसत नाही असं आणखी काय आहे गावात?"

"बरंच आहे," ती म्हणाली, आणि एकेक सांगू लागली.

तात्पर्य एवढंच: बाईचं नाव कागदावर घातल्याने तिला कारभारात वाटा मिळत नाही, तिचं म्हणणं ऐकून निर्णय झाला, तरच तो मिळतो.