टिकल्या, आजोबा आणि भोकाची घोंगडी

त्या दिवशी सकाळपासून झिमझिम पाऊस होता.
मोठा नाही. बारीक. पिठासारखा.
झिमझिम, झिमझिम.
वारा नव्हता. ऊन नव्हतं. टेकडीवर एक जाडजूड ढग बसला होता. बसला तो बसलाच.
आणि थंडी? काही विचारू नका! कोंबडीनं पिल्लं पंखाखाली घेतली होती. मांजर चुलीपुढच्या राखेत जाऊन बसलं होतं.
टिकल्या मात्र दारात उभा होता.

टिकल्या म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. एवढंसं. अंग काळं, आणि कपाळावर पांढरी टिकली.
तो राहायचा केरबाआजोबांकडे. रोज सकाळी दोघं फिरायला जायचे. आजोबा पुढं, टिकल्या मागं. ओढ्यापर्यंत जायचं, ओढ्याला बघायचं, परत यायचं.
लुटूलुटू, लुटूलुटू!

"भो!" टिकल्या म्हणाला. म्हणजे, चला की!
"थांब बाबा," आजोबा म्हणाले. "पाऊसबी आहे, थंडीबी आहे. अंगावर काय घ्यावं, ते आधी बघू."

आजोबांनी प्लॅस्टिकचा कागद पांघरला. अंगणात आले. पाणी अडलं. थंडी काही अडली नाही. दात वाजायला लागले.
कटकट, कटकट!
आत आले.

आजोबांनी लोकरीचा स्वेटर घातला. अंगणात आले. थंडी अडली. पाणी काही अडलं नाही. स्वेटर भिजून गुडघ्यापर्यंत लोंबला.
निथळ निथळ!
आत आले.

आजोबांनी छत्री घेतली. एका हातात काठी. एका हातात टिकल्याची दोरी. मग छत्री कुठं धरायची?
आजोबांनी ती दातांत धरून बघितली. जमेना.

शेजारची हौसाक्का तिच्या ओट्यावरून बघत होती. ती म्हणाली, "अहो केरबाअण्णा, घरात असंल नसंल ते सगळंच घाला की अंगावर!"
आजोबांनी घातलं. स्वेटरवर सदरा, सदऱ्यावर कोट, कोटावर कागद. आजोबा झाले गोल. गोल गोल पोतं! दारातून बाहेरच पडेनात.
हौसाक्का हसली. आजोबाही हसले. पण फिरायला काही जाता येईना.

मग आजोबांना आठवण झाली.
"अरे, आपली घोंगडी आहे की!"
मेंढीच्या लोकरीची घोंगडी. ती ऊब देते. ती पाणीही अडवते. दुमडून डोक्यावरून घेतली की झाली खोळ. दोन्ही हात मोकळे!
आजोबांनी खोळ घेतली. अंगणात आले. थंडी अडली. पाणी अडलं. आणि...
टप!
आजोबांच्या टकलावर थेंब पडला.
टप! टप!
घोंगडीला भोक होतं. नेमकं डोक्यावर.
"हे कुणी कुरतडलं रे?" आजोबा म्हणाले.
टिकल्या छपराकडं बघायला लागला. त्याचे दात नवीन होते. सारखे शिवशिवायचे.

"भिजलो तर खोकला धरंल," आजोबा म्हणाले. "आज राहू दे, बाळा. आज नाही जायचं."
आणि चुलीपाशी बसले. बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला.
आज नाही? आज नाही म्हणजे काय? टिकल्याला कळेचना.
त्यानं घोंगडीचं टोक तोंडात धरलं. ओढली. सरर सरर, सरर सरर. आणि निघाला.
लुटूलुटू, लुटूलुटू!

पलीकडच्या आळीत तानूमावशी राहायची. ती घोंगड्या विणायची. तिचा माग चालला होता. खटक खटक, खटक खटक.
टिकल्या म्हणाला,
"मावशी, मावशी, भोक बुजव ना जरा!
भोक बुजलं की आजोबा येतील,
आजोबा आले की फिरायला जाऊ!
लुटूलुटू, लुटूलुटू!"
मावशी म्हणाली, "बुजवते की. पण लोकर संपली रे. कशानं बुजवू? तुझ्या शेपटीनं?"
टिकल्यानं शेपूट पटकन पायात घातली.
"घोंगडी ठेव इथं. मेंढीकडनं लोकर आण, जा."
टिकल्या निघाला.
लुटूलुटू, लुटूलुटू!

काटेरी कुंपणाच्या वाड्यात मेंढी उभी होती. तोंड वाकडं करून उभी होती.
टिकल्या म्हणाला,
"मेंढीताई, मेंढीताई, लोकर दे ना जरा!
लोकर देईन मावशीला,
मावशी बुजवील भोक.
भोक बुजलं की आजोबा येतील,
आजोबा आले की फिरायला जाऊ!
लुटूलुटू, लुटूलुटू!"
मेंढी म्हणाली, "बेंऽऽ! देते की. पण पावसानं इथं कोंडून पडलेय मी. वाळलं गवत चावून चावून जबडा दुखला माझा. बाभळीचा हिरवा पाला आण, जा."
टिकल्या निघाला.
लुटूलुटू, लुटूलुटू!

बांधावर बाभूळ उभी होती. अंगभर काटे. पाला मात्र उंच, वर.
टिकल्या म्हणाला,
"बाभळीबाई, बाभळीबाई, पाला दे ना जरा!
पाला देईन मेंढीला,
मेंढी देईल लोकर.
लोकर देईन मावशीला,
मावशी बुजवील भोक.
भोक बुजलं की आजोबा येतील,
आजोबा आले की फिरायला जाऊ!
लुटूलुटू, लुटूलुटू!"
बाभूळ म्हणाली, "घे की! चढ वर!"
"मला चढता येत नाही. मी कुत्रा आहे."
"आणि मला वाकता येत नाही. मी झाड आहे. वारा आला तरच मी हलते. वाऱ्याला उठवून आण, जा."
टिकल्या निघाला.
लुटूलुटू, लुटूलुटू!

खिंडीत वारा झोपला होता. घुर्र घुर्र.
टिकल्या म्हणाला,
"वारेदादा, वारेदादा, उठा ना जरा!
वारा उठला की हलेल फांदी,
फांदी हलली की पडेल पाला.
पाला देईन मेंढीला,
मेंढी देईल लोकर.
लोकर देईन मावशीला,
मावशी बुजवील भोक.
भोक बुजलं की आजोबा येतील,
आजोबा आले की फिरायला जाऊ!
लुटूलुटू, लुटूलुटू!"
वाऱ्यानं एक डोळा उघडला. "उठतो रे. पण हा ढग बघ की! माझ्या अंगावरच बसलाय. त्याला सरकायला सांग, जा."
टिकल्या निघाला. टेकडी चढायची होती. पाय छोटे, टेकडी मोठी.
लुटूलुटू... लुटू... लुटू...

वर ढग बसला होता. गार, ओला, भला मोठा.
टिकल्या म्हणाला,
"ढगोबा, ढगोबा, सरका ना जरा!
ढग सरकला की उठेल वारा,
वारा उठला की हलेल फांदी,
फांदी हलली की पडेल पाला.
पाला देईन मेंढीला,
मेंढी देईल लोकर.
लोकर देईन मावशीला,
मावशी बुजवील भोक.
भोक बुजलं की आजोबा येतील,
आजोबा आले की फिरायला जाऊ!
लुटूलुटू, लुटूलुटू!"
ढग म्हणाला, "सरकलो असतो रे बाळा. पण ऐक!"
खालून आवाज येत होता. डरांव! डरांव!
"बेडूक मला या, बसा म्हणतोय. पाहुण्यानं असं मधेच उठावं का? बरं दिसतं का ते? तो गप्प बसला तर जातो. त्याला सांग, जा."
टिकल्या निघाला. आता उतार होता. गडगड, गडगड! थेट ओढ्यापाशी!

ओढ्याकाठी दगडावर बेडूक बसला होता. गाल फुगवून गात होता. डरांव! डरांव!
टिकल्या ओला झाला होता. त्याला थंडी वाजत होती. तरी तो म्हणाला,
"बेडूकराव, बेडूकराव, गप्प बसा ना जरा!
बेडूक गप्प की सरकेल ढग,
ढग सरकला की उठेल वारा,
वारा उठला की हलेल फांदी,
फांदी हलली की पडेल पाला.
पाला देईन मेंढीला,
मेंढी देईल लोकर.
लोकर देईन मावशीला,
मावशी बुजवील भोक.
भोक बुजलं की आजोबा येतील,
आजोबा आले की फिरायला जाऊ!
लुटूलुटू, लुटूलुटू!"

बेडूक रुसला.
"गप्प बसू? गाणं अर्धं टाकून? म्हैस येते, पाणी पिते, जाते. बगळा येतो, तेव्हा तर मलाच जावं लागतं! माझं गाणं कुणी पुरतं ऐकतच नाही. तू ऐकशील?"
"ऐकेन की!"
"असं लुटूलुटू नाही चालायचं. एका जागी बसून. हलायचं नाही."
बाप रे! टिकल्या कधी एका जागी बसला होता का? कधीच नाही.
पण टिकल्या बसला.

डरांव! डरांव!
टिकल्याचे पाय शिवशिवले. टिकल्या हलला नाही.
डरांव! डरांव!
शेपूट वळवळायला लागली. टिकल्या शेपटीवरच बसला.
डरांव! डरांव!
एक चतुर भिरभिरत आला आणि थेट टिकल्याच्या नाकावर बसला. नाक हुळहुळलं. टिकल्यानं डोळे मिटले. पण टिकल्या हलला नाही.
डरांव! डरांव! डरांऽऽऽव!
झालं. गाणं संपलं.
"भो!" टिकल्या म्हणाला. म्हणजे, लई छान!
बेडूक खूश झाला. इतका खूश झाला की त्याला बोलताच येईना. त्यानं पाण्यात उडी मारली. डुबुक!
आणि गप्प बसला.

बेडूक गप्प बसला, तसा ढग सरकला. हळूहळू, हळूहळू.
ढग सरकला, तसा वारा उठला. सूंऽऽ सूंऽऽ!
वारा उठला, तशी फांदी हलली. सळसळ, सळसळ!
फांदी हलली, तसा पाला पडला. एक अख्खी डहाळीच! कट्ट!
टिकल्या पळत बाभळीखाली आला. त्यानं ती अलगद दातांत धरली. एकही काटा लागला नाही. नवे दात कामाला आले बघा!
पाला दिला मेंढीला. चरचर, चरचर! मेंढीचं तोंड सरळ झालं.
मेंढीनं काटेरी कुंपणाला अंग घासलं. खसखस, खसखस! कुंपणावर लोकरीचे पुंजकेच पुंजके!
लोकर दिली मावशीला. देता देता टिकल्याला शिंक आली. आक्छी!
मावशीनं लोकर पिंजली. मावशीनं धागा काढला. मावशीनं सुई घेतली. आत बाहेर, आत बाहेर.
भोक बुजलं!

मावशीनं टिकल्याकडं बघितलं. ओला टिकल्या. कुडकुड, कुडकुड.
"अगंबाई!" मावशी म्हणाली. "आजोबांची सोय झाली. आणि तुझी रे?"
कोपऱ्यात पांढऱ्या घोंगडीचा एक तुकडा पडला होता. मऊ, केसाळ. मावशीनं टिकल्याला खरखर पुसलं. तो तुकडा त्याच्या पाठीवर टाकला. उरलेल्या लोकरीचे बंद केले आणि पोटाखाली बांधले. एक पुढं, एक मागं.
ऊब! टिकल्याला एकदम आजोबांच्या मांडीवर बसल्यासारखं वाटलं.

इकडं आजोबा जागे झाले. "घोंगडी कुठं गेली? टिकल्या कुठं गेला?"
तेवढ्यात दारात मावशी. तिच्या हातात घोंगडी. मागं टिकल्या.
आजोबांनी घोंगडी बघितली. बोटानं भोक शोधलं. सापडेना!
"भो!" टिकल्या म्हणाला. म्हणजे, चला की!
आजोबांनी बाहेर बघितलं. आकाश निळं होतं. ऊन पडलं होतं.
"पाऊस तर थांबला की रे!" आजोबा म्हणाले. "आता खोळ कशाला?"
टिकल्यानं कान पाडले. एवढं सगळं केलं, आणि खोळ नको?

तेव्हा लांब ओढ्यावरून आवाज आला.
डरांव! डरांव!
टेकडीमागून ढग डोकावला. "आलो, आलो!"
झिमझिम, झिमझिम.
आजोबा हसले. त्यांनी घोंगडी दुमडली आणि खोळ घेतली. एका हातात काठी. एका हातात दोरी. अंगणात आले. थंडी अडली. पाणी अडलं. आजोबा थांबले. टप होतंय का बघत राहिले.
टप काही झालं नाही.
आजोबांनी टकलावरून हात फिरवला. कोरडं!
निघाले दोघं. आजोबा पुढं, टिकल्या मागं. आजोबांना मोठी घोंगडी, टिकल्याला छोटी घोंगडी.
लुटूलुटू, लुटूलुटू!

हौसाक्का ओट्यावर उभी होती. तिनं डोळ्यांवर हात धरला. वाकून वाकून बघितलं.
"अहो केरबाअण्णा, तुमचं कुत्रं कुठं गेलं? आणि हे पांढरं कोकरू कुणाचं आणलंत?"
"भो!" टिकल्या म्हणाला.
हौसाक्का दचकली आणि म्हणाली, "अगंबाई! केरबाअण्णा, तुमचं कोकरू भुंकतंय की हो!"