मांत्रिकाचे डोळे

एका राज्यात, जिथे पक्षी बोलत आणि त्याचे कुणाला नवल वाटत नसे, गोजरा नावाची एक चितारीण होती. राजाच्या पोथ्यांत ती चित्रे काढी. तिचा नवरा येमाजी खलात रंग घोटी.

एके दिवशी राजाने तिच्यापुढे एक जुनी पोथी ठेवली. पहिल्या पानावर मांत्रिकाचे चित्र होते. डोंगरातल्या खजिन्यावर त्याचाच पहारा असे.

"हा पुसून टाक," राजा म्हणाला. "इथे मी हवा. मग खजिना माझा."

गोजराने ओल्या फडक्याने मांत्रिक पुसला. कोपऱ्यातला पोपट मात्र तिने ठेवला. कुणा अनामिक चिताऱ्याने तो एका दमात काढला होता, तो पुसवेना. मग तिने मांत्रिकाच्या जागी राजा रेखला.

तिसऱ्या सकाळी येमाजीने खल उचलला, तर त्याच्या तळव्यातून खलाची कड दिसत होती.

"बघ गोजरे, कच्च्या रंगाचा निघालो मी."

गोजराला हसू आले नाही. पानावरच्या पोपटाने मान वळवली.

"ज्या हाताने माझा मालक पुसला, त्या हाताचं जिवाचं माणूस पुसलं जाईल. सूर्य मावळायच्या आत त्याला पुन्हा काढ. रेघ लागेल, रंग लागेल, नजर लागेल. रेघ आणि रंग ज्यांच्याकडून शिकलीस, त्यांनी दिलेलं सगळं त्यात खर्ची पडेल. परत मिळणार नाही."

"आणि नजर?"

"ती कुणी शिकवत नाही."

एवढ्यात राजा दारात आला. "माझं चित्र पुसलंस तर हात छाटीन."

"छाटा, महाराज. पण मावळतीनंतर. आत्ता मला तो लागतो आहे."

राजा तलवार मांडीवर घेऊन समोर बसला. गोजराने राजा पुसला.

आधी रेघ. आई उंबऱ्यापाशी हात न उचलता रांगोळी काढी, गोजराचे बोट धरून. त्या रेघेने तिने पागोट्यापासून वहाणांपर्यंत मांत्रिक उतरवला. रेघ संपली आणि आईच्या बोटांची ऊब तिला आठवेना. येमाजी कमरेपर्यंत पुसला गेला होता.

मग रंग. मांत्रिकाच्या शालीचा तांबडा आता कुठे मिळत नव्हता. पण पुसायचे फडके कधी धुवायचे नाही, ही तिच्या गुरूची शिस्त होती. तिने खुंटीवरचे फडके डिंकाच्या पाण्यात भिजवून पिळले. शिंपल्यात थेंब थेंब तांबडा उतरला. शाल भरून झाली आणि गुरूचे नाव तिच्या जिभेवरून गेले. येमाजीचा आता चेहराच उरला होता.

ऊन तटाच्या कडेला टेकले.

"डोळे कसे होते?" गोजराने विचारले.

"पुसताना तू कुठे पाहत होतीस?" पोपट म्हणाला.

"तुझ्याकडे."

"मग मी काय सांगू? नजर कुणी शिकवत नाही, म्हटलं ना."

गोजराने वर पाहिले. वीस वर्षे ती येमाजीच्या हातून रंग घेत आली होती, पण पानावरची मान तिने क्वचितच उचलली होती. आता त्याचे नुसते डोळे हवेत उरले होते. ते स्वतःसाठी भ्यालेले नव्हते. ते राजाच्या तलवारीकडे पाहत, मग तिच्या मनगटाकडे, पुन्हा तलवारीकडे. गोजराने कुंचला ओला केला आणि तीच नजर पानावर उतरवली.

सूर्य गेला. राजा तलवार उपसून उठला.

मांत्रिकाने पापण्या उघडल्या. त्याने आधी गोजराचे मनगट पाहिले, मग तलवार. तलवार राजाच्या मुठीतून गळून पडली.

"हे डोळे माझे नव्हेत," मांत्रिक म्हणाला.

"नाहीत," गोजरा म्हणाली. "तुमचे मी पाहिलेच नव्हते. चूक माझी."

मांत्रिकाने पुन्हा तिच्या मनगटाकडे पाहिले.

"या डोळ्यांनी तुझं वाईट करवत नाही, बाई. शाप उठला."

येमाजी पायांपासून वर भरत आला. राजाने खजिना खणायला डोंगरात धाडलेली माणसे परत बोलावली आणि आपले चित्र कोऱ्या पानावर काढायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी गोजराने उंबऱ्यापाशी रांगोळीची रेघ ओढली. लहान मुलीसारखी थरथरती आली.

"वाकडी आली गं," येमाजी म्हणाला.

"येऊ द्या. उद्या पुन्हा काढीन. तुम्ही जरा उजेडात बसा बघू."

खजिन्याला त्याचा पहारेकरी मिळाला, गोजराला तिचा येमाजी. ऐकणाऱ्यांनाही आपापले माणूस वेळेत दिसो.