काजळीच्या मागून

एका राज्यात राजाच्या पुढे कुणी पाऊल टाकीत नसे. दिवटी धरणारासुद्धा मागून चाले. त्यामुळे तिथले राजे अंधारात ठेचकाळत आणि ती ठेचही राजेशाही म्हणून मिरवीत.

तिथल्या मेघकेतू राजाला उतारवयात लेक झाली, शाल्मली. तिच्या बारशाला हिमकर्ण नावाचा मांत्रिक आला. म्हातारा आशीर्वाद द्यायला लगबगीने पाळण्याकडे निघाला आणि राजाच्या एक पाऊल पुढे गेला. पहारेकऱ्यांनी त्याला दंड धरून मागे ओढले.

मांत्रिक संतापला. “ज्याला मागून चालणे ठाऊक नाही, त्याच्या घरी ऊब राहणार नाही!”

तत्क्षणी बर्फ पडू लागले. पाळण्यातली पोर गारठली. श्वास तेवढा चाले. पण ना ती रडे, ना डोळे उघडी. वैद्य थकले, वैशाख आला, तरी थंडी हटेना.

तेव्हा गवाक्षात एक पांढरी टिटवी येऊन बसली व म्हणाली, “राजा, डोंगरमाथ्यावर ऊन पाण्याचा झरा आहे. ते पाणी कधी निवत नाही. लेकीच्या कपाळाला लाव. वाटेत काचेचा उतार, मुकी नदी आणि आंधळी खिंड. सैन्य नेशील तर झरा आटेल.”

राजा चंबू घेऊन एकटाच निघाला. एकटा कसला! पाळण्याखाली निजणारी काजळी नावाची काळी कुत्रीही निघाली. बर्फ हुंगत ती पुढे धावली.

“मागे हो,” राजा म्हणाला. बिचारी मागे झाली.

काचेच्या उतारावर राजाचा पाय सटकला. दरीत जायचाच, पण काजळीने त्याचे कांबळे दातांत धरले आणि चारी पाय रोवून त्याला ओढून घेतले. राजा उठला, अंग झाडले आणि पुन्हा पुढे झाला. पडले तरी नाक वर!

मुकी नदी गोठलेली होती. तिचे बर्फ फुटतानाही वाजत नसे. धोका ओळखून काजळी राजाच्या वाटेत आडवी पडून राहिली. राजा तिला ओलांडून गेला आणि गुडघ्यापर्यंत पाण्यात बुडाला. पैलतीरी पोचेपर्यंत त्याचे पाय लाकूड झाले. काजळी मुकाट्याने त्या पायांवर येऊन निजली. तिचा एक पंजा बर्फाने चिरला होता.

तिची ऊब चढू लागली, तसा राजाला गहिवर आला. त्याने शेल्याची पट्टी फाडून तिचा पंजा बांधला. “काजळे,” तो म्हणाला, “मी मूर्ख आहे, हे तू केव्हापासून जाणतेस?” काजळीने त्याचे नाक चाटले.

आंधळ्या खिंडीत धुके असे दाटले होते, की स्वतःचा हातही दिसेना. राजाला लेकीचे मिटले डोळे आठवले. त्याने कंबरपट्टा सोडला, एक टोक काजळीच्या गळ्यात अडकवले, दुसरे आपल्या मुठीत धरले.

“बाई, तू पुढे हो,” तो म्हणाला.

काजळी लंगडत पुढे झाली. ती थांबे तिथे राजा थांबे. ती वळे तिथे राजा वळे. आपण कुणावर तरी विसंबलो आहोत, या जाणिवेने त्याला आयुष्यात प्रथमच हलके वाटले.

धुके सरले. झऱ्याकाठी हिमकर्ण बसला होता. “कोण आले?” त्याने विचारले.

राजा म्हणाला, “काजळी आली. तिच्या मागून मी आलो.”

मांत्रिकाचा चेहरा निवळला. त्याने आधी कुत्रीला लवून मुजरा केला आणि मग चंबू आपल्या हाताने भरून दिला. “जा राजा. पोर वाट पाहते आहे.”

ते पाणी कपाळाला लागताच शाल्मलीच्या गालांवर रंग चढला. तिने डोळे उघडले आणि असा टाहो फोडला, की वाड्याच्या छपरावरचे बर्फ धाडधाड कोसळले. ते ऐकून राजाही मोठमोठ्याने रडू लागला.

राणी डोळे पुसत म्हणाली, “महाराज, दोघांपैकी आधी गप्प कुणाला करू?”

त्या घरी जशी ऊब परतली, तशी ऐकणाऱ्यांच्याही घरी नांदो.