खांबाजवळचा उजेड

“नवा बल्ब लावल्यापासून लोक गप्प का झालेत, आक्का?”

श्रीपाद दिवाळीनंतर नदीकाठच्या या मठात शिष्य म्हणून राहायला आला होता. त्याआधी तो इंजिनिअर होता. दिव्यांमधलं त्याला सगळं कळत होतं, आणि आपल्याला कळतं हे जरा जास्तच कळत होतं. मठ चालवणाऱ्या आक्का त्याला काही बोलत नसत.

मठाची एक रीत होती. मनात काही साचलेल्या माणसाने दिवेलागणीला मधल्या खांबाशी बसायचं आणि बोलायचं. आक्का ऐकत. सल्ला कुणी देत नसे. माणूस हलका होऊन घरी जाई.

खांबावरचा जुना पिवळा बल्ब गेला, तेव्हा श्रीपादने तालुक्याहून एलईडी आणला. पांढराशुभ्र, दुकानातला सगळ्यात लख्ख.

तेव्हापासून माणसं खांबाशी बसत, हात जोडत आणि उठून जात. अनसूयाबाईंचा मुलगा घर सोडून गेलेला. त्या रोज येत, पदर सारखा करत आणि तशाच परतत.

“सुई पडली तरी सापडेल असा उजेड आहे,” श्रीपाद म्हणाला. “कमी पडतोय का? याहून मोठा आणू?”

आक्का हसल्या.

“बस खांबाशी.”

तो बसला.

“घर सोडून का आलास?”

“ज्ञानासाठी.” उत्तर तयारच होतं.

आक्का उठल्या, त्या लख्ख उजेडातही नेहमीसारखी भिंत चाचपत गेल्या आणि बटण बंद केलं.

दारातून सांज आत आली. खांब, घंटा, आक्कांचं पांढरं लुगडं, सगळं हळूहळू एकमेकांत मिसळत गेलं. नदी बाहेर वाहतेय की आत, तेही कळेना...



“आई मला ओळखत नाही आता.” श्रीपादला स्वतःचा आवाज परका वाटला. “समोर बसलो की विचारते, तुम्ही कोणाकडचे?... मला ते सोसवेना, आक्का. म्हणून निघून आलो.”

तो रडला. डोळे पुसायची घाई त्याने केली नाही.

मग त्याने मान वर करून विझलेल्या बल्बकडे पाहिलं.

“उद्या दुकानात जातो,” तो म्हणाला. “कोणता बल्ब आणू?”

“आत्ता तू मला दिसलास ना... तेवढ्या उजेडाचा आण.”