सारजेपुढे वाकलेला डोंगर

आधी दगड नीट बघा, मग काय ते फोटो काढा. हे काळे-पांढरे पट्टे पिळलेल्या लुगड्यासारखे वळलेत ना? आणि त्यांत ते लाल खडे, हरभऱ्याएवढे? हा दगड मूळचा असा नव्हता. सरळ थरांचा होता, म्हणे. थराच्या कडेला छिन्नी लावली की सहा हात लांब लादी अलगद सुटायची.

तो वळला सारजेमुळे, असं सांगतात. सारजा पाथरवटाची बायको. तिचा नवरा कवडू दगडाची नस ओळखणारा माणूस. गावच्या मालगुजाराला, म्हणजे जमीनदाराला, देवळाच्या पायऱ्या हव्या होत्या, त्याही रामनवमीच्या आत. कवडू म्हणाला, "मालक, थर आपल्याकडं उतरता हाय. वरून काढत येऊ. खालून पोखरलं तर सारा घसरते." पण उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग! मालगुजारानं फर्मावलं, "खालूनच काढ, नाहीतर चालता हो." तिसऱ्या दिवशी अख्खा थर सुटला आणि कवडू त्याच्याखाली गेला.

सारजा धावत आली. दगड हटवा, माझ्या माणसाला बाहेर काढा, म्हणून हातापाया पडली. तर मालगुजार काय म्हणाला? "भाग्यवान गडी! देवाच्या कामी आला. आता तोच दगड त्याची समाधी." आणि गावानं माना डोलावल्या! मेल्यांच्या, एकाच्याही तोंडून शब्द फुटू नये? सगळे पुन्हा छिन्न्या घेऊन बसले, तेही गाडल्या गेलेल्या कवडूच्या शेजारीच.

सारजेचं टाळकं सणकलं. नवऱ्याला मातीसुद्धा देऊ देत नाहीत म्हणजे काय? ती तडक घरी गेली. चुलीतले निखारे तिनं खापरात भरले आणि भर दुपारी डोंगराच्या तोंडावर भिरकावले. "देवाच्या कामी आला ना तो? मंग उचल! उचल तुजा दगड आन माजा माणूस मले दे!"

डोंगर पोटातून तापला, म्हणे. पाथरवट छिन्न्या टाकून पळाले. दगड कणकेसारखा मऊ झाला, थरावर थर दुमडले, निखारे जिथल्या तिथं रुतले. देवळाच्या पायऱ्यासुद्धा अशा वाकड्या झाल्या की मालगुजाराला एकही चढता येईना. मग लोकांना कंठ फुटला. सारजेच्या पाया पडत म्हणू लागले, "माय, डोंगर तुज्यापुढं वाकला!"

"वाक कोण म्हणलं त्याले?" सारजा किंचाळली. "मी उचल म्हणलं होतं!"

कवडू काही मिळाला नाही.

आजही इथं सरळ लादी निघत नाही, कितीही मोठा कारागीर येवो. रामनवमीच्या आदल्या दुपारी गावातली प्रत्येक बाई खापरात निखारे आणते, डोंगरावर फेकते आणि एकच शब्द म्हणते, "उचल!" मग सगळ्या उन्हात उभ्या राहून वाट बघतात. हात मात्र एकीनंही अजून जोडलेले नाहीत.