तक्रार नसलेलं गाव

फार जुनी गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाचा कारभार पाच पंच पाहत. त्यांतल्या थोरल्या पंचाला एका गोष्टीचा भारी अभिमान होता. वर्षभरात सभेपुढे एकही तक्रार आली नव्हती.

"लोक सुखात आहेत," असं तो येईल-जाईल त्याला सांगे. त्या आनंदात त्याने गावजेवण ठरवलं आणि आमंत्रण द्यायला आधी धाकट्या बहिणीकडे गेला.

बहीण डोक्यावर हंडा घेऊन धापा टाकत अंगणात शिरत होती.

"एवढी का दमलीस? झरा तर घरामागेच आहे."

"वाटेत कुंपण आहे, दादा. तुमच्यातल्याच एका पंचाने घातलंय. सगळी आळी टेकडीला वळसा घालून पाणी आणते."

"मग सभेत का नाही आलात? निदान मला तरी सांगायचंस!"

बहिणीने हंडा खाली ठेवला. "शेजारचे आजोबा मागल्या साली आले होते की. ज्याने कुंपण घातलं, तोच निवाड्याला बसला. वर आजोबांनाच खोटं पाडलं. तू तिथेच होतास, दादा. मान खाली घालून बसला होतास. तुला काय सांगायचं?"

थोरल्या पंचाला तो दिवस आठवला. सोबत्याशी वाकडं नको, म्हणून तो त्या दिवशी गप्प राहिला होता आणि पुढे ते कुंपण विसरूनही गेला होता. लोकांनी सभेची आशाच सोडली होती आणि तो त्यालाच सुख समजून मिरवत होता. आमंत्रण न देताच तो परतला.

त्याने गावजेवण रद्द केलं आणि सभा बोलावली. "कायदा बदलू या," तो म्हणाला. "ज्याच्यावर तक्रार, त्याने निवाड्याला बसायचं नाही. त्याच्या जागी गावाने निवडलेला माणूस बसेल."

"पणजोबांपासून चालत आलेला कायदा मोडायचा?" कुंपणवाला पंच उसळला.

"आपल्या सोयीचा होता, म्हणून चालला," थोरला पंच म्हणाला.

तिघांचे हात वर झाले. कायदा बदलला. पण लोक गप्पच होते. कुणाचा विश्वासच बसेना.

मग तेच आजोबा काठी टेकत उठले. "माझी तक्रार आहे. थोरल्या पंचावर. त्याला खरं ठाऊक होतं, तरी तो बोलला नाही."

थोरला पंच ओट्यावरून उतरला आणि हात जोडून आजोबांसमोर उभा राहिला. "खरं आहे, आजोबा."

त्याच्या जागी गावाचा माणूस बसला. आजोबांची कुंपणाची जुनी तक्रारही पुन्हा पुढे आली, तेव्हा कुंपणवाल्या पंचालाही जागा सोडावी लागली. निवाडा झाला. कुंपण निघालं आणि थोरल्याचं पदही गेलं. त्याने ते मुकाट्याने मानलं.

पुढच्या सभेला एक बाई भीत भीत तक्रार घेऊन आली. मग आणखी एक. मग रांगच लागली. थोरला आता खाली, लोकांत बसून ऐकत होता. एवढं सगळं या माणसांनी मनात दाबून ठेवलं होतं! प्रत्येक तक्रारीसरशी त्याची मान आणखी खाली जात होती.

तात्पर्य एवढंच: लोक गप्प आहेत म्हणजे ते सुखी आहेत, असं राज्यकर्त्यांनी समजू नये; आणि गेलेला विश्वास परत हवा असेल, तर कायदा आधी स्वतःला लावावा.